मालकिणीचा नंबर

"तो डबा खाली ठेव!"

गिरणीच्या घरघरीतही तात्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. रांगेतल्या बाया बोलायच्या थांबल्या. मी स्टुलावर चढून गव्हाचा डबा ओतायला वरच्या पेटीवर टेकवला होता, झाकण काढायचं बाकी होतं, तो तसाच धरून राहिले. माझे वडील माझ्यावर कधीच ओरडले नव्हते. लहानपणी मी त्यांच्या चष्म्यावर बसले होते, तेव्हासुद्धा नाही.

"आईचाच डबा आहे ना?" मी म्हटलं. "किती दिवस नुसता पडून आहे. जरा फट सापडली म्हणून म्हटलं..."

"नंबर न्हाई त्याचा. खाली ठेव म्हनतो न्हवं!"

ते स्वतःच पुढे आले. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी बांधलेली असतानाही त्यांनी डबा माझ्याकडून ओढून घेतला आणि रांगेच्या अगदी शेवटी, दाराशी नेऊन ठेवला. मग तोंडावरचं पीठ पुसायच्या निमित्तानं भिंतीकडे वळले. शेजारची हौसाक्का माझ्याकडे बघून गप्प राहा अशी खूण करत होती. मला मात्र फार लागलं. मी कोल्हापूरहून संसार मागे टाकून त्यांच्यासाठी आले होते, आणि त्यांना माझ्यापेक्षा रांगेची शिस्त मोठी वाटत होती.

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं होऊन गेली. तो दिवस नागपंचमीच्या आदला होता. पंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तव्यावर काही भाजायचं नाही आणि दळायचं तर मुळीच नाही. त्यामुळे आदल्या दिवशी पाडळवाडीतल्या यच्चयावत बाया आमच्या गिरणीवर लोटायच्या. पुरण भरून उकडायच्या दिंडांना गव्हाचं पीठ हवं असायचं, आणि पुढच्या दोन दिवसांची ज्वारीही तेव्हाच उरकून घ्यायची असायची.

गिरणी आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच होती. डबे भिंतीकडेनं रांगेनं ठेवायचे आणि एक दळून झाला की बाकीचे पायानं पुढे सारायचे. डबा ठेवून बाई घरी जाऊन आमटीला फोडणी देऊन आली तरी चालायचं. नंबर आला की तात्या दारात येऊन तिच्या नावानं हाक मारायचे, आणि अर्ध्या गल्लीला कळायचं की कुणाचं दळण लागलं.

माझी आई, अनसूया, गिरणीची मालकीण. पण तिचाही डबा रांगेतच असायचा. तेलाचा जुना डबा, कडीला हिरव्या खणाची चिंधी बांधलेला. "मीच मदी घुसले तर उद्या लोकं दुसरी गिरनी बघतील," असं म्हणायची. तिचा नंबर आला की तात्या सगळ्या रांगेसमोर मुद्दाम सूर लावून ओरडायचे, "अनसाबाईऽऽ, नंबर आला!" आणि आतून, चुलीपाशी बसल्या जागेवरून, ती उलट ओरडायची, "आले, आले! बहिरी न्हाई मी, बहिरं तुमी!" रांग हसायची. रोजचाच खेळ होता, पण लोक रोज हसायचे. आणि ती म्हणायची त्यात तथ्यही होतं. गिरणीच्या आवाजात उभा जन्म काढून तात्यांना कमीच ऐकू यायला लागलं होतं.

आई वैशाखात गेली. दुपारी आडवी झाली ती उठली नाही.

तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी तात्यांनी गिरणी चालू केली. पूर्वी सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ चालणारी गिरणी आता उजाडल्यापासून फिरायला लागली. त्यांनी आसपासच्या वस्त्यांवरची दळणं धरली. सायकलवर पोती बांधून स्वतः आणायचे आणि दळून स्वतः पोचवायचे. गाव कौतुक करायचं, तात्यानं दुःख गिळलं, माणूस कामाला वाघ आहे. मीही सुरुवातीला तेच म्हणत होते. हाताला काम असलं की मन ठिकाणावर राहतं, असं मीच माझ्या नवऱ्याला, विलासला, शहाण्यासारखं सांगितलं होतं.

मग आषाढात त्यांच्या सदऱ्याची बाही गिरणीच्या फिरत्या पट्ट्यात सापडली. थकून उभ्या उभ्या डोळा लागला होता म्हणे. हात थोडक्यात वाचला, पण मांस फाटलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी जखमेवर निभावलं. असेच जागत राहिले तर पुढच्या वेळी हात राहणार नाही." दुसऱ्या दिवशी मी बघते तर तात्या एका हातानं डबा उचलत होते.

तेव्हापासून मी सारखी येत होते. यायचं, पोत्यावर बसायचं आणि वाट बघायची की हा माणूस गिरणी कधी बंद करतो आणि कधी माझ्याशी दोन शब्द बोलतो. ते बंद करायचे नाहीत. बोलायला गेलं की कानाकडे बोट दाखवून ऐकू येत नाही म्हणायचे. बसून बसून कंटाळा आला तशी मीही हात लावायला लागले, डबे ओतायला लागले. आणि मला एक गोष्ट कळली. त्या आवाजात काही वाटतच नाही. आई गेल्यावर मी रडले नव्हते. गिरणीत उभी राहिले की रडायची गरजही वाटायची नाही. आमचं दोघांचं तिथं बरं चाललं होतं, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच. बाहेर पडायचं दार आम्हीच आतून लावून घेतलं होतं.

म्हणून मी पंचमीवर डोळा ठेवून आले होते. वर्षातून हा एकच दिवस असा, की गावच त्यांना गिरणी चालवू देणार नाही. विलासनं सांगितलं होतं, "त्या दिवशी गोड बोलून उचल आणि घेऊन ये इकडं. एकदा गिरणीपासून तुटले की सुटतील."

आदल्या दिवशीची गर्दी दिवस मावळेपर्यंत चालली. हौसाक्का शेवटी आणखी एक डबा घेऊन आली, वर म्हणते कशी, "भरल्या गाड्याला सूप जड न्हाई, तात्या." तात्या तर खूशच झाले. पण तोही संपला. रांगेत आता एकच डबा राहिला, हिरव्या चिंधीचा. मला वाटलं, आता तरी तो घेतील. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं, घाईघाईनं मोटर बंद केली, आणि पायांत चपला सरकवून सायकल काढली.

"कुठं निघालात?"

"आलोच."

आले ते जेवणाच्या वेळेला. भाकरी कुस्करता कुस्करता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या दस्तगीर मका आननार हाय. कोंबड्यांचं खाद्य. भरडून द्यायचंय."

दस्तगीर मुल्ला म्हणजे माळावरचा पोल्ट्रीवाला. मला आधी समजलंच नाही. "उद्या? तात्या, उद्या पंचमी आहे."

"कोंबड्यांना कुटली आलीया पंचमी?"

"पण गिरणी आपली आहे ना! आई असती तर..."

"ती न्हाई आता," तात्या म्हणाले, आणि अर्ध्या ताटावरून उठले.

आई नाही, हे त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सकाळी उठले तर तात्या गिरणीच्या उंबऱ्यावर बसले होते, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. पट्टा चाकावर चढवून तयार होता. नजर माळाच्या रस्त्याकडे. मी चहा दिला तो बाजूलाच गार झाला. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून आमच्याकडे सण नव्हता, त्यामुळे घरात काही गडबड नव्हती.

बऱ्याच वेळानं दस्तगीरभाई त्यांच्या लुनावरून आले. मागं पोतं नव्हतं.

"मका?" तात्या उठून उभे राहिले.

"मका हाय की घरी. उद्या आनतो." दस्तगीरभाईंनी गाडी स्टँडवर लावली. "काल तुमी सांगून ग्येला आन् मी घरात बोललो, तर बायको म्हनली, तात्याचं डोकं फिरलं का तुमचं? उद्या त्येंच्यात दळत न्हाईत."

"तुज्यात चालतंय न्हवं? मग झालं की."

"माज्यात चालतंय. वैनींच्यात चालत न्हाई." ते गिरणीत डोकावले आणि थबकले. "आन् पट्टा चढवलेला? वैनी तर आदल्या सांजंलाच सोताच्या हातानं काढून खुटीला लावायच्या. एका साली मी चुकून आजच्या दिवशी आलो हुतो, तर मलाच झाडलं हुतं. म्हनल्या, मुल्लाभाई, तुमच्या रोज्यात मी तुमाला लाडू खा म्हनते का?"

मला हसू आलं, आई अगदी तसंच बोलली असणार. तात्या मात्र हसले नाहीत.

"एक पोतं आन, दस्तगीर," ते म्हणाले. "अर्धं आन. हात जोडतो."

दस्तगीरभाई घाबरलेच. त्यांनी तात्यांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि माझ्याकडे पाहिलं, यांना काय झालंय असं विचारल्यासारखं. मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का! "उद्या आनतो, तात्या. वैनींच्या गिरनीत आज न्हाई," एवढं बोलून ते गेले.

तात्या आत गेले, पट्टा काढला आणि खुंटीला लावला.

आणि ती शांतता सुरू झाली. आमच्या घरात इतकं ऐकू येतं हे मी विसरूनच गेले होते. पलीकडच्या चिंचेला पोरींनी झोका बांधला होता, त्याची दोरी कुरकुरत होती. मागच्या आळीत बायकांचा फेर चालला होता. तात्यांचा जीव नुसता कासावीस झाला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं त्यांचं चाललं. मोटरला तेल घातलं, वजनं पुसली, मग झाडू घेऊन झाडलेलीच जमीन पुन्हा झाडायला लागले. मी कोल्हापूरचा विषय काढला, तर म्हणाले, बघू. दुपारच्या गाडीचं नाव काढलं, तर झाडूच जोरात चालवला.

दाराजवळ झाडता यावं म्हणून मी आईचा डबा बाजूला घ्यायला वाकले. डब्याखाली तपकिरी भुकटी साचली होती. भिंतीवरून काळे ठिपके वर चालले होते.

मी झाकण काढलं. आत हात घातला तर गहू कोमट लागला, आणि मुठीत आला तेव्हा अंगठ्याखाली दाणे फुटले. आत काही नव्हतंच, नुसती टरफलं होती.

"तात्या, पोरकिडे झालेत. गहू पोकळ झालाय."

झाडू थांबला. ते आले, चष्मा नाकावर सरकवून वाकले आणि त्यांनीही हात घातला.

"गरम हाय," ते म्हणाले.

"किड्यांनी गरम होतोय. फेकून देऊ का?"

"न्हाई!"

"मग उद्या सगळ्यांच्या आधी दळून टाका."

"न्हाई."

आता माझा तोल गेला. "मग काय करायचं याचं? दळू देत नाही, फेकू देत नाही! आणखी महिनाभरानं यात भुसा राहील, आणि तुमचा हात जाईल त्या पट्ट्यात! मी काय करू, सांगा तरी! पोरं तिकडं टाकून मी इथं येऊन बसते, आणि तुम्ही माझ्याशी बोलतसुद्धा नाही!"

मी गिरणी चालू असल्यासारखी ओरडत होते. गिरणी बंद होती. झोक्यावरच्या पोरीसुद्धा गप्प झाल्या असाव्यात.

तात्या पोत्यावर बसले. हात डब्यातच होता.

"त्या दिशी लग्नाची दळनं हुती," ते म्हणाले. "दुपारपातूर लई गर्दी. ती डबा घिऊन आली. म्हनली, आज माजं जरा आदी घ्या, बरं वाटंना मला, लवकर सैपाक करून पडते. आजवर कदी म्हनली न्हवती तसं. आन् मी म्हनलं, मालकीनबाई, नंबर लावा. समदी हसली. ती बी हसली. ठिवला मागं आन् ग्येली आत."

मी खाली जमिनीवर बसले.

"नंबर आला तवा हाक मारली, रोजच्यावानी. आली न्हाई. म्हनलं झोपली आसंल, डबा कडंला सारला आन् म्होरचा घेतला. त्यो झाल्यावर परत हाक मारली. तवा बी न्हाई आली, तवा आत ग्येलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिनं आदी मला हाक मारली आसंल का गं, शालन? गिरनी चालू हुती."

काय सांगणार होते मी? मारलीही असेल.

"गिरनी चालू हाय तवर काय ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "बंद केली की येतंय. आन् ह्यो डबा दळला, तर मग रांगंत तिचं काय ऱ्हातंय? म्होरं कुनाचा तरी एक डबा पायजे. एक जरी म्होरं आसला, तर तिचा नंबर लागत न्हाई. मग ती हाय रांगंत."

वस्त्यांवरची दळणं, सायकलवरची पोती, कोंबड्यांचा मका, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी तात्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच रडत होते, आणि ते रडणं झाकायला कसलाही आवाज नव्हता. तात्यांनी पिठानं खरखरीत झालेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. तेही रडत होते, पण त्यांचं रडणं ऐकू येत नव्हतं.

माझा आरडाओरडा ऐकून हौसाक्का आली होती. दारात उभी राहून तिनं काय ऐकलं, किती ऐकलं, देव जाणे. ती आत आली, डब्यात डोकावली आणि जणू रोजचीच गोष्ट असल्यासारखी म्हणाली, "आगं, मग उनात टाका की. आन् आज जीव मारू नगा हां, पंचीम हाय. ऊन लागलं म्हंजी आपल्या पायानं जात्यात."

आम्ही अंगणात पोतं अंथरून गहू पसरला. श्रावणातलं ऊन ते, येत होतं, जात होतं. पोरकिडे हळूहळू पोत्याच्या कडेला येऊन मातीत उतरत होते, आणि आम्ही दोघं बसून बघत होतो. कोंबडी आली की हाकलायची, एवढंच काम. मग मी सूप आणलं. पाखडून पोकळ दाणे उडवले, आणि राहिलेला गहू ताटात घेऊन निवडायला बसलो. तात्यांनी जन्मात गहू निवडला नव्हता. खडा समजून चांगला दाणा टाकायचे, मी तो परत ताटात घ्यायची.

"तिला खडा न बघता घावायचा," ते म्हणाले.

"आणि तुम्हाला बघूनही दिसत नाही."

ते थोडंसं हसले. दुपारची गाडी येऊन गेली. तिन्हीसांजेला डबा भरला तेव्हा तो जेमतेम अर्धा झाला.

दुसऱ्या दिवशी गिरणी उघडली तेव्हा रांग पार ओट्याखाली गेली होती. पंचमीला कुणाचं दळलेलं नव्हतं, दस्तगीरभाईंचा मकाही आला होता. मी आतून बघितलं, तर तात्यांनी हिरव्या चिंधीचा डबा उचलून नेहमीसारखा सगळ्यात शेवटी ठेवला. माझं मन पार खचलं. ज्याचं जळतं त्याला कळतं, आपण तरी किती ओढणार, असं म्हणून मी पिशवी भरून ठेवली आणि भाजी टाकायला चुलीपाशी बसले. गिरणी घरघरत होती. एकेका बाईचं नाव ऐकू येत होतं आणि तिचं "आले वं" ऐकू येत होतं.

दुपार झाली. घरघर बदलली. पेटीत दाणा नसला की दगड रिकामा फिरतो, त्याचा आवाज वेगळा असतो. गिरणीवाल्याच्या लेकीला तो झोपेतही कळतो. मी कढईतलं उलथणं थांबवलं. कुणीतरी नवीन डबा आणला असेल म्हणून वाट बघितली. मग मोटरच बंद झाली.

बाहेर दळण घेऊन रेंगाळलेल्या बाया बोलत होत्या, त्या एकेक करून गप्प झाल्या. आणि तात्यांचा आवाज आला. सूर तोच होता, मधेच चिरकला, पण तोच होता.

"अनसाबाईऽऽ, नंबर आला!"

त्या बाया खाली बघत असतील, हे मला भिंतीआडूनही दिसत होतं. ती हाक घरभर फिरली आणि चुलीपाशी येऊन थांबली. तात्या दुसरी हाक मारतील, आणि तिलाही उत्तर मिळालं नाही तर ते परत आत येऊन बघतील, असं मला वाटलं, आणि ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"आले, आले!" मी बसल्या जागेवरून ओरडले. "बहिरी न्हाई मी, बहिरं तुमी!"

हौसाक्काचा हुंदका आला, की हसू, सांगता येणार नाही. मोटरचा खटका पडला, पट्टा सळसळला, आणि पेटीत गहू ओतल्याचा आवाज आला. दगड हळूहळू भरीव बोलायला लागला. मी तशीच बसून ऐकत राहिले. अर्धा डबा तो, लगेच संपला.

तात्यांनी गिरणी बंद केली. डबा स्वतः उचलून आत आणला आणि माझ्यासमोर ठेवला. पीठ अजून ऊन होतं. पुढे ते कोल्हापूरला राहायला काही आले नाहीत, गिरणीही सोडली नाही, पण जेवणाच्या वेळेला ती बंद व्हायला लागली. त्या दिवशी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी परात ओढली, त्याच पिठाची कणीक मळली आणि पोळ्या केल्या. तात्या पाटावर बसून माझ्या हाताकडे बघत होते.

पोळी कडसर झाली होती. किडक्या गव्हाची तशीच होते. मी पहिला घास खाल्ला आणि त्यांच्याकडे पाहिलं. तात्यांनी ताट पुसून घेतलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"आनखी एक वाढ," ते म्हणाले.